बदलीच्या संसाराची भांडीकुंडी: काय सोबत न्यावे, काय घरी ठेवावे आणि कसे हलवावे

लग्नात मिळालेल्या भांड्यांपैकी निम्मी भांडी अजून आमच्या कोल्हापूरच्या घरी माळ्यावर आहेत आणि ती तिथेच आहेत हे बरे आहे. नोकरीतील बदल्यांमुळे आम्ही दोघांनी नऊ वर्षांत कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर, नांदेड आणि पुन्हा कोल्हापूर अशी पाच घरे केली. पहिल्या बदलीला टेंपो पुरला नाही. शेवटच्या बदलीला त्याच आकाराच्या टेंपोत सामान भरून वर सायकल ठेवायला जागा उरली. मधल्या काळात जे उमगले ते थोडक्यात असे की, फिरत्या संसारात भांडी अशा स्वयंपाकघरासाठी घ्यावी लागतात, जे आपण अजून पाहिलेलेच नसते. तिथला ओटा किती लांब असेल, गॅस असेल की इंडक्शन, पाणी विहिरीचे असेल की नळाचे, भिंतीला खिळा मारू देतील की नाही, यातले काहीही ठाऊक नसताना खरेदी करायची असते. पुढील सर्व सूचना या एका अडचणीतून आलेल्या आहेत.

बाजारात जाण्याआधीची यादी

खरेदीपूर्वी किंवा बांधाबांधीपूर्वी एक आठवडा असा काढावा की, रोज रात्री भांडी घासून झाल्यावर त्या दिवशी वापरलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव एका वहीत लिहायचे. आठव्या दिवशी ही यादी आणि मांडणीवरची भांडी समोरासमोर ठेवली की, दोन माणसांना रोज किती थोडे लागते हे पाहून आश्चर्य वाटते. यादीत न आलेल्या वस्तूंपैकी ज्या सणावाराला किंवा पाहुण्यांना लागतात, त्यांच्यापुढे वर्षातून किती वेळा लागतात तो आकडा लिहावा. दोनपेक्षा कमी आकडा आला तर ती वस्तू गावाकडच्या घरी ठेवावी.

आमच्याकडे या नियमाने पाटा-वरवंटा, पितळी घंगाळ, मोदकपात्र, पुरणयंत्र आणि चिनी मातीच्या मोठ्या बरण्या मागे राहिल्या. पुरणासाठी स्टीलची जाड चाळणी आणि वाटीचे बूड पुरते; हात दुखतात, पण पुरणपोळी वर्षातून एकदाच होते. पितळेची पातेली मागे ठेवण्याचे कारण वेगळे आहे. त्यांना वेळोवेळी कल्हई लागते आणि कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ शिजवणे किंवा ठेवणे बरे नाही. अनोळखी गावात कल्हईवाला शोधण्यात जो वेळ जातो, तो आम्ही एकदा घालवून पाहिला आहे.

बिनकानाची पातेली आणि एक सांडशी

फिरत्या संसारासाठी आपल्याकडचे साधे, बिनकानाचे, काठ वळवलेले पातेले ही फार हुशारीची वस्तू आहे. दांडा नसल्यामुळे पातेली एकात एक बसतात, झाकण्या ताटलीसारख्या एकावर एक रचता येतात आणि पाचही पातेल्यांना मिळून एकच सांडशी पुरते. लांब दांड्याचे सॉसपॅन दिसायला देखणे असते. परंतु खोक्यात त्याचा दांडा दोन भांड्यांची जागा खातो आणि स्क्रू ढिला झाला की ते ओट्यावर हेलकावे खाते. आम्ही दांड्याचे एकच भांडे ठेवले आहे, ते चहाचे.

पातेल्यांचे माप ठरवताना सर्वांत मोठ्या पातेल्यापासून सुरुवात करावी. रविवारी चार पाहुणे आले तर तांबडा किंवा पांढरा रस्सा ज्यात होईल, एवढे म्हणजे सुमारे पाच लिटरचे एक पातेले घ्यावे आणि बाकीची त्याच्या पोटात बसतील अशी निवडावीत. दुकानात भांडी वेगवेगळी पाहून पसंत करू नयेत. तिथेच एकात एक बसवून पाहावीत, झाकणे लावून पाहावीत आणि एकाच्या झाकणाने दुसरे भांडेही झाकले जाते का तेही तपासावे.

कोल्हापुरात महाद्वार रोडच्या परिसरात भांडी घ्यायला जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. पुढच्या घरात इंडक्शनवर स्वयंपाक करण्याची वेळ आली, तर ज्या भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटते तेच चालते. अनेकांना वाटते की स्टील म्हटले की चालणारच. प्रत्यक्षात स्वयंपाकाच्या भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या चांगल्या प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही. ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली तर इंडक्शनवर तापतच नाहीत. तीन थरांची पातेली मिळतात, त्यांत मधला थर ॲल्युमिनियमचा आणि बाहेरचा चुंबक धरणाऱ्या स्टीलचा असतो. ती महाग असतात. म्हणून आम्ही दोनच घेतली, एक भाजीचे आणि एक दुधाचे. भाजी आणि दूध हेच दोन पदार्थ पातळ बुडाच्या भांड्यात हमखास लागतात.

तव्याच्या बाबतीत मात्र आमचे मत अनेकांना पटत नाही. भाकरीसाठी बिडाचा तवा उत्तम, हे आम्हीही मान्य करतो. उष्णता धरून ठेवण्यात त्याला तोड नाही. पण बीड ठिसूळ असते आणि टेंपोतून उतरवताना फरशीवर पडले तर ते पत्र्यासारखे वाकत नाही, सरळ तडकते. रत्नागिरीला पोहोचल्या दिवशी आमच्या बिडाच्या तव्याचे दोन तुकडे झाले आणि तेव्हापासून आम्ही जाड लोखंडी पत्र्याचा तवा वापरतो. तो सपाट बुडाचा घ्यावा. खोलगट तवा गॅसवर छान चालतो, पण इंडक्शनच्या काचेला त्याचे बूड फक्त मध्यभागी टेकते आणि भाकरीच्या कडा कच्च्या राहतात.

लोखंडी तव्याला एकच शिस्त लागते. घासल्यावर तो लगेच पुसून मंद आचेवर कोरडा करावा आणि तेलाचे बोट फिरवावे. कोल्हापुरात एखादा दिवस विसरले तरी चालून जाते. रत्नागिरीच्या दमट हवेत सकाळपर्यंत तांब म्हणजे गंज धरतो. धरलाच तर काथ्याने किंवा जाड मिठाने घासून, धुऊन, वाळवून तेल लावून दोन-तीन वेळा तापवला की तवा पुन्हा कामाला लागतो. याच तव्यावर हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे तेलात परतून, मीठ घालून, फुलपात्राच्या बुडाने रगडले की खर्डा होतो. म्हणून आमचा दगडी खलबत्ताही घरी राहिला. नॉनस्टिक तव्यावर हे करता येत नाही, कारण त्याचा थर खरवडला जातो. आम्ही नॉनस्टिक बाळगत नाही त्यामागे हे एक कारण आहे आणि खोक्यात भांड्याला भांडे घासून थर जातो, हे दुसरे.

परात एकच, पण मोठी असावी. पीठ मळणे, भाकरी थापणे, पालेभाजी निवडणे, धान्य पाखडल्यावर ओतणे ही सगळी कामे ती करते आणि बांधाबांधीच्या वेळी तिच्यात ताटे रचून ठेवता येतात. भाकऱ्या ठेवायला बुरूड गल्लीतून आणलेली बांबूची बुट्टी आमच्याबरोबर चारही वेळा फिरली आहे. ती वजनाला काहीच नाही आणि प्रवासात तिच्यात कांदे-बटाटे जातात.

कुकर: किती लिटरचा आणि किती

दोघांसाठी तीन लिटरचा एक कुकर रोजच्या वरण-भाताला पुरतो. मात्र ज्यांना डबे लावून भात, डाळ आणि बटाटे एकाच वेळी शिजवायचे असतात त्यांना पाच लिटरचा उभा कुकर लागतो, कारण तीन लिटरमध्ये डबे नीट बसत नाहीत. एकच घ्यायचा असेल तर आमचा कौल पाच लिटरला आहे: मटण शिजवताना पाण्याला जागा राहते आणि दोघांपुरता भात त्यात डब्यात लावता येतो. कोणताही कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि डाळीसारखा फेसाळणारा पदार्थ थेट कुकरात शिजवताना तो निम्म्यावर ठेवावा. दिलेल्या मापाचे लिटर वाचताना हे ध्यानात घ्यावे.

कुकर कोणता याहून त्याची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व पुढच्या गावात मिळेल का, हा प्रश्न मोठा आहे. म्हणून सर्वत्र दुकानांत सुटे भाग मिळतात अशाच कंपनीचा कुकर घ्यावा आणि एक जादा रिंग व एक व्हॉल्व नेहमी जवळ ठेवावा. सामान बांधताना रिंग काढून वेगळी ठेवावी, शिट्टी कागदात गुंडाळून कुकरातच टाकावी आणि उरलेल्या पोकळीत डाळींच्या पिशव्या भराव्यात. कुकर रिकामा नेणे म्हणजे पाच लिटर हवेचे भाडे देणे होय.

कापणे, किसणे, वाटणे

विळीची सवय असलेल्यांनी घडीची विळी घ्यावी. खवणी असलेली मिळाली तर ओल्या नारळाची सोय होते. सुरी एक मोठी आणि एक लहान पुरे. किसणी मात्र चांगली घ्यावी, कारण आपल्या वाटणाला सुके खोबरे लागते आणि बोथट किसणीवर खोबऱ्याची वाटी घसरून बोटे सोलतात.

मिक्सर पाचशे वॅटचा असला तरी दोघांचे काम भागते. भाजलेल्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे घट्ट वाटण नेहमी करणाऱ्यांनी साडेसातशे वॅटचा घ्यावा. तीन भांड्यांपैकी ज्यूसचे मोठे भांडे आम्ही वापरतच नव्हतो, म्हणून ते घरी ठेवले. मिक्सरचे मूळ खोके टाकून देऊ नये. त्यातला थर्मोकोल त्या यंत्राच्या आकाराचाच असतो आणि दुसऱ्या कशानेही तशी पकड येत नाही.

गॅस, इंडक्शन आणि भिंतीतले पॉइंट

बदली दुसऱ्या शहरात झाली की गॅसची टाकी टेंपोत घालून नेणे हा धोक्याचा मार्ग आहे आणि त्याची गरजही नाही. सध्याच्या वितरकाकडे टाकी आणि रेग्युलेटर परत करावेत. तो अनामत रक्कम परत देतो आणि टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती, देतो. ते व्हाउचर, गॅसचे पुस्तक आणि नव्या पत्त्याचा पुरावा घेऊन नव्या गावातील वितरकाकडे गेले की, तेथे त्या वेळच्या दराने अनामत भरून जोडणी मिळते. शेगडी आणि नळी आपली असते, ती सोबत न्यावी. नळीवर छापलेली मुदत मात्र या निमित्ताने पाहावी आणि संपत आली असल्यास नवी घ्यावी. नव्या घरात पाइपने गॅस येत असेल तर सिलिंडरची शेगडी तशीच जोडता येत नाही. पाइपच्या गॅसचा दाब कमी असल्यामुळे बर्नरचे जेट बदलावे लागतात आणि ते काम त्या कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे.

जोडणी मिळेपर्यंतचे दिवस कसे काढायचे हा खरा प्रश्न असतो. पाच किलोची लहान टाकी ओळखपत्रावर, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळते, हे अनेकांना माहीत नसते. घरगुती मोठी टाकी १४.२ किलोची असते, त्या मानाने ही लवकर संपते. पण दोघांचे आठ-पंधरा दिवस निभतात. आम्ही मात्र इंडक्शनवर भर ठेवला आहे, कारण ते पिशवीत मावते.

इंडक्शन घेताना एक साधा हिशेब करावा. दोन हजार वॅटचे इंडक्शन २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर वीज ओढते आणि घरातील नेहमीचा लहान पॉइंट सहा अँपिअरचा असतो. म्हणून त्याला सोळा अँपिअरचा, मोठ्या भोकांचा पॉवर पॉइंटच लागतो. भाड्याचे घर पाहायला जाताना आम्ही आता आधी ओट्याजवळचा पॉइंट पाहतो आणि मग खिडकीतून दिसणारे दृश्य. सोलापूरला घरमालकांनी पॉइंट बसवून देतो म्हणून सांगितले आणि तो बसला तेव्हा आमच्या बदलीचा आदेश आला होता. बाजारातील साध्या एक्स्टेंशन बोर्डावर इंडक्शन लावून ही अडचण सोडवू नये. वायर तापते आणि बोर्ड वितळतो.

डबे, दळण आणि वर्षाची चटणी

धान्याचे डबे चौकोनी असावेत की गोल, यावर घरोघरी वाद आहेत. चौकोनी डबे खोक्यात जागा वाया घालवत नाहीत, तर गोल स्टीलचे डबे कोपरे नसल्यामुळे घासायला सोपे आणि एकात एक बसणारे असतात. आम्ही रोजच्या पिठा-तांदळाला गोल स्टीलचे आणि डाळींना झाकणाचे चौकोनी प्लॅस्टिकचे डबे ठेवतो. काचेच्या बरण्या फक्त लोणच्यासाठी, त्याही दोनच. मिसळणाचा डबा असा घ्यावा की झाकणाखाली दुसरे घट्ट झाकण असेल; अन्यथा टेंपोच्या पहिल्याच गचक्याला हळद मोहरीत जाते.

कोल्हापूरच्या माणसाचा सर्वांत नाजूक ऐवज म्हणजे वर्षाची चटणी, ज्याला इतरत्र कांदा-लसूण मसाला म्हणतात. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाले भाजून, डंकावर कांडून आणलेली चार-पाच किलो चटणी बरणीसकट हलवणे शहाणपणाचे नाही. मोठी बरणी घरीच ठेवावी. सोबत तीन-चार महिन्यांपुरती चटणी कोरड्या स्टीलच्या डब्यात दाबून भरावी, वर हिंगाचे खडे आणि थोडे मीठ घालावे, झाकणावर प्लॅस्टिकचा कागद बांधावा आणि डबा दुसऱ्या पिशवीत ठेवावा. दर फेरीला डबा पुन्हा भरून न्यावा. ओला चमचा डब्यात जाऊ न देणे हे किनारपट्टीवर अधिक कटाक्षाने पाळावे लागते. गूळही तसाच: पूर्ण ढेप न नेता फोडून दोन किलो न्यावा, कारण दमट हवेत ढेपेला पाणी सुटते.

अंथरुणे आणि लाकूडसामान

येथे आम्ही फार थांबणार नाही, कारण नियम एकच आहे: जे सुटे होत नाही ते घेऊ नये, आणि जे सुटे करताना झिजते तेही घेऊ नये. भुशाच्या फळ्यांचे कपाट स्क्रूवर जोडलेले असते; दुसऱ्या-तिसऱ्या वेळी उघडून जोडताना स्क्रूची भोके सैल पडतात आणि दार लोंबकळते. त्यापेक्षा भोकांच्या लोखंडी पट्ट्यांचे, नट-बोल्टचे रॅक कितीही वेळा उघडावे आणि जोडावे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते हव्या त्या मापाचे करून मिळते. भिंतीला खिळे मारण्याची परवानगी नसेल तेथे हेच रॅक मांडणीचे काम करते. कोल्हापुरात नदीच्या बाजूच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना याचे आणखी एक कारण सांगावेसे वाटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात बुडालेली भुशाची कपाटे फुगून टाकाऊ झाली, लोखंडी रॅक मात्र धुऊन-पुसून, रंगाचा हात देऊन पुन्हा उभे राहिले. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आकडे तेथील प्रत्येक भाडेकरूला पाठ असतात.

घडीचा लोखंडी पलंग, गुंडाळता येणारी कापसाची गादी, एकात एक बसणाऱ्या चार खुर्च्या आणि घडीचे टेबल एवढे पुरते. चादरी आणि टॉवेल सोलापूरचे घ्यावेत, आणि जुन्या लुगड्यांची एक वाकळ जरूर असावी. थंडीत ती पांघरायला होते आणि बदलीत फ्रीजला गुंडाळायला.

बांधाबांध

आदेश हातात पडल्यापासून सामान निघेपर्यंत साधारण पंधरा दिवस मिळतात असे धरून चालावे. पहिल्या आठवड्यात नवे किराणा सामान आणणे थांबवावे आणि आहे ते संपवावे. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि पलंग यांची मापे घेऊन ठेवावीत आणि नव्या घराच्या दाराची व जिन्याच्या वळणाची मापे तेथील कोणाकडून तरी मागवावीत. दुसऱ्या आठवड्यात रोज एक किंवा दोन खोकी भरावीत.

खोकी मध्यम आकाराची घ्यावीत. औषधांच्या दुकानातून मिळणारी खोकी बळकट असतात. एका खोक्याचे वजन पंधरा किलोंच्या आत ठेवावे, म्हणजे एकट्याला उचलता येते. ताटे आडवी रचू नयेत, कागद घालून उभी लावावीत; आडव्या थप्पीत सगळा भार खालच्या ताटावर येतो. पातेली एकात एक घालताना मध्ये वर्तमानपत्र घालावे. सुऱ्यांना आणि विळीच्या पात्याला पुठ्ठ्याचे म्यान करून वर चिकटपट्टी लावावी आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘धार’ असे लिहावे, कारण ते खोके उघडणारी व्यक्ती आपणच असू असे नाही. प्रत्येक खोक्याला क्रमांक द्यावा आणि त्यात काय आहे ते वहीत लिहावे. खोक्यावर फक्त क्रमांक आणि खोलीचे नाव असावे.

फ्रीज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, कोरडा पुसावा आणि दार दोरीने बांधावे. तो उभाच न्यावा. वाटेत आडवा करावाच लागला, तर पोहोचल्यावर लगेच सुरू न करता बराच वेळ उभा राहू द्यावा, म्हणजे काँप्रेसरमधील तेल पुन्हा जागेवर येते. आम्ही पूर्ण एक दिवस थांबतो. पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला खरेदीच्या वेळी मागे लांब बोल्ट लावलेले असतात. ते ड्रम हलू नये म्हणून असतात आणि प्रत्येक हलवाहलवीत पुन्हा लावायचे असतात. बहुतेक घरांत ते पहिल्याच महिन्यात भंगारात जातात.

‘छोटा हत्ती’चा हौदा सुमारे सात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. दोघांचे सामान त्यात बसते, पण भरण्याचा क्रम आधी ठरवावा लागतो. फ्रीज, वॉशिंग मशीन आणि धान्याची खोकी केबिनच्या पाठीशी, त्यांच्या वर गाद्या, बाजूला उभा केलेला पलंग आणि सर्वांत शेवटी पहिल्या दिवशी लागणारे सामान, म्हणजे तेच आधी उतरते. बदल्यांचे आदेश बरेचदा मे-जूनच्या सुमारास येतात. गगनबावड्याच्या किंवा आंबा घाटाच्या बाजूने जायचे असेल तर निघताना ऊन असले तरी ताडपत्री बांधल्याशिवाय टेंपो हलू देऊ नये.

नव्या घरातील पहिले चोवीस तास

एक पिशवी टेंपोत न घालता आपल्या मांडीवर न्यावी. तिच्यात चहाचे भांडे, गाळणी, दोन कप, चहा, साखर, सुरी, लायटर, इंडक्शन, टेस्टर, पेचकस, नळाला लावायची टेफ्लॉन टेप, एक बल्ब, नवे कुलूप आणि दोन जोड कपडे असावेत. दूध वाटेत घ्यावे. नव्या घरात आधी दूध उतू घालायचे असते, आणि ते भांडे जर सतराव्या खोक्यात असेल तर तोवर टेंपोवाले व हमाल चहाशिवाय ताटकळतात.

घरात शिरल्यावर आधी मुख्य दाराचे कुलूप बदलावे. मग प्रत्येक नळ, प्रत्येक पॉइंट आणि फ्लश चालवून पाहावा आणि जे नादुरुस्त आहे त्याचे त्याच दिवशी फोटो काढून घरमालकांना पाठवावेत. अकरा महिन्यांचा करार संपताना अनामतीच्या हिशेबात ते कामी येतात. त्यानंतर रॅक जोडावे, मग स्वयंपाकघराची खोकी उघडावीत आणि बाकी सर्व दुसऱ्या दिवसावर टाकावे. पहिल्या रात्रीचे जेवण घरून आणलेल्या कडक भाकऱ्या, खर्डा आणि दही एवढेच असू द्यावे.

सर्व खोकी एकदम उघडण्याची घाई करू नये. महिन्याभरात ज्या खोक्याची चिकटपट्टी सुटली नाही, त्याचा क्रमांक वहीत पाहावा आणि कोल्हापूरच्या पुढच्या फेरीला ते खोके तसेच, न उघडता, गाडीच्या डिकीत टाकावे.